पोस्टर समोरून नाही, मागून खराब होतं

जुन्या सिनेमाचं मोठं पोस्टर हाताला लागलं की माणूस आधी फ्रेमवाल्याकडे पळतो, आणि तिथे अर्धा तास जातो तो पट्टी निवडण्यात. सोनेरी की काळी, बारीक की जाड, मग काच साधी की नॉन-ग्लेअर. मागे काय लावणार, चिकटवणार कशाने, हे कोणी विचारत नाही आणि फ्रेमवालाही आपणहून सांगत नाही. बजेट कमी असेल तर माझं म्हणणं सरळ आहे: पट्टीवरचे पैसे वाचवा आणि मागच्या बाजूला घाला, कारण पोस्टरचं आयुष्य ठरतं ते न दिसणाऱ्या भागात.

आधी हा कागद काय चीज आहे ते बघू. आपल्याकडचं नेहमीचं सिनेमा पोस्टर साधारण ३० बाय ४० इंचांचं. ते भिंतीवर खळ लावून डकवायचं, पिक्चर उतरला की त्यावर पुढच्या पिक्चरचं डकवायचं, एवढंच त्याचं काम होतं, त्यामुळे छापणाऱ्याने महागाचा कागद वापरायचा प्रश्नच नव्हता. पन्नास वर्षांनी कोणीतरी हे मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर घासाघीस करून विकत घेईल असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसणार. बाबूराव पेंटरांनी १९२४ च्या 'कल्याण खजिना'साठी केलेलं पोस्टर आज टिकून असलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय सिनेमा पोस्टरांपैकी एक मानलं जातं, म्हणजे त्याआधीचं जवळजवळ सगळं गेलंच म्हणायचं.

स्वस्त कागद म्हणजे लाकडाचा लगदा, आणि त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे धागे एकमेकांना धरून ठेवणारा पदार्थ, पूर्ण काढलेलं नसतं. लिग्निन उजेडात आणि हवेत पिवळं-तपकिरी पडतं, जुनं वर्तमानपत्र पिवळं होतं ते यामुळेच. पण रंग बदलणं हा तसा लहान त्रास. खरा त्रास आम्लाचा. शाई फुटू नये म्हणून कागदाला रोझिन (झाडाची राळ) आणि तुरटीच्या जातीचं ॲल्युमिनियम सल्फेट लावायची पद्धत एकोणिसाव्या शतकात आली आणि विसाव्या शतकात बराच काळ चालली. हे ॲल्युमिनियम सल्फेट हवेतल्या ओलाव्याबरोबर हळूहळू आम्ल तयार करतं. कागदाचा धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या, आम्ल त्या मधेच तोडत जातं, साखळ्या आखूड झाल्या की कागद वाकत नाही, मोडतो. वर सेल्युलोज कुजताना स्वतःच नवीन आम्ल तयार करतं, त्यामुळे एकदा सुरू झालं की वेग वाढतच जातो. म्हणून तर पेशवे दफ्तरातले चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेल्या कागदावरचे मोडी कागद अडीचशे वर्षांनीही उलगडता येतात आणि १९७० च्या दशकातलं पोस्टर घडीवर कडकन तुटतं. वयाचा संबंध कमी, कागद कशाचा आणि त्यात काय घातलंय याचा जास्त.

आता हे आधीच आजारी असलेलं पोस्टर फ्रेमवाला कशावर ठेवतो? करडा पुठ्ठा, हार्डबोर्ड किंवा एमडीएफ. तिन्ही लाकडाचेच भाऊ. एमडीएफ आणि प्लायमधून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या वाफा बाहेर पडत राहतात, फॉर्माल्डिहाइडही, आणि बंद फ्रेममध्ये त्या जाणार कुठे, कागदातच मुरणार. जुन्या फोटोफ्रेम उघडल्या की माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कापलेल्या कडेला लागून चित्रावर तपकिरी रेघ दिसते ना, ती हीच. पुठ्ठ्यातलं आम्ल उतरून चित्राला लागलेलं असतं.

यावर स्वस्त उपाय आहेत. पोस्टरला थेट टेकणारा थर चांगला हवा, बाकीचे थर कसेही चालतील. म्हणजे पोस्टरच्या मागे ॲसिड-फ्री माउंट बोर्ड, शक्यतो कॅल्शियम कार्बोनेट घातलेला, म्हणजे तो पोस्टरमधून निघणारं थोडंफार आम्ल शोषून निष्प्रभ करतो. एवढा मोठा बोर्ड महाग पडत असेल तर चिंध्यांच्या लगद्याचा जाड हातकागद घ्या, पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी सुती चिंध्यांपासून केलेला मिळतो. 'ॲसिड-फ्री' असं लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, पीएच, म्हणजे आम्लपणा, तपासायचं पेन मिळतं, बोर्डाच्या कोपऱ्यावर रेघ ओढली आणि जांभळी झाली तर ठीक, पिवळी राहिली तर परत करा. (पोस्टरवर ते पेन अजिबात टेकवायचं नाही, डाग कायमचा राहतो.) आणि या थरामागे काय? इथे माझी आवडती वस्तू म्हणजे एसीपी शीट, दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मधे प्लास्टिक. हलकी, सपाट, आणि पत्र्यातून ना ओल येते ना वाफ. साइनबोर्डवाल्याकडे उरलेले तुकडे पडलेले असतात, विचारा, बरेचदा अगदी स्वस्तात देतात. तेही नसेल तर पन्हाळीदार पॉलिप्रॉपिलीन शीट चालते. सनबोर्ड मात्र नको, तो पीव्हीसीचा फोम असतो आणि पीव्हीसी जुनं होताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं, म्हणजे पळवून लावायला गेलो त्यालाच घरी जेवायला बोलावल्यासारखं.

आता चिकटवणं. इथे सगळ्यात जास्त पोस्टरं मरतात. पूर्ण पोस्टर फेविकॉलने बोर्डावर चिकटवलं तर दिसायला झकास, एकदम सपाट, पण ते परत कधीच नीट सुटत नाही. सेलोटेप तर त्याहून वाईट, त्याचा डिंक आधी पिवळा पडतो, मग कागदाच्या आत उतरतो, मग वरची पट्टी गळून पडते आणि तपकिरी डाग तेवढा उरतो. लॅमिनेशनबद्दल बोलायलाच नको. उष्णता, दाब आणि परत न निघणारं प्लास्टिक, तिन्ही एकदम, आणि जुन्या पोस्टरची बाजारातली किंमतही तिथेच संपली.

कागद सरळ जखडायचाच नसतो, कारण तो हलतो. दमट हवेत धागे पाणी पिऊन फुगतात, कोरड्या हवेत आकसतात, आणि कोरड्या जानेवारीपासून भर पावसाळ्यापर्यंत ४० इंचांच्या बाजूत अर्धा टक्का जरी फरक पडला तरी तो पाच मिलिमीटर झाला. चारही बाजूंनी घट्ट चिकटवलेला कागद मग एकतर फुगवटे धरतो नाहीतर फाटतो. म्हणून संग्रहालयात पोस्टर वरच्या कडेला पाच-सहा छोट्या कागदी बिजागऱ्यांवर नुसतं लटकवतात, खाली मोकळं सोडतात. बिजागरी लांब धाग्याच्या पातळ जपानी कागदाची, थोडासाच लागतो, पातळ नेपाळी लोकता कागद मिळाला तरी काम होतं. ती पोस्टरपेक्षा कमजोर हवी, म्हणजे उद्या फ्रेम पडली तर बिजागरी फाटेल, पोस्टर नाही.

आणि त्यासाठी लागणारी खळ? जगभरच्या संग्रहालयांत जी वापरतात ती गव्हाच्या स्टार्चची असते, म्हणजे आपल्या आज्या कुरडयांसाठी काढायच्या तो गव्हाचा चीक! फक्त कुरडयांचा चीक आंबवलेला असतो, म्हणजे आंबट, आणि शिजवताना त्यात मीठही पडतं, ते दोन्ही इथे नको. कणीक मळून पाण्यात चोळायची, खाली बसलेला पांढरा साका घ्यायचा, दोन-तीन वेळा पाणी बदलून धुवायचा, मग चार-पाच पट पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवून गाळायचा. नुसत्या मैद्याची खळ यापेक्षा कमी प्रतीची कारण त्यात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, असतं. बाइंडिंगवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते पोस्टरला अजिबात चालत नाही, कारण मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, तेही आम्लधर्मी आणि तांबं कागदाचं ऑक्सिडेशन वाढवतं. कसर लागू नये यासाठी खळ कमीत कमी लावणं आणि फ्रेम मागून नीट बंद करणं हाच उपाय. हे सगळं करायचा कंटाळा असेल तर पारदर्शक पॉलिएस्टरचे कोपरे मिळतात, त्यात पोस्टरचे चार कोपरे अडकवायचे, डिंकाचा कागदाला स्पर्शच नाही. फक्त मोठं पोस्टर यात मधे थोडं लहरतं, ते चालवून घ्यायचं. जुना कागद काचेसारखा सपाट दिसायलाच हवा हा हट्ट कशासाठी, कळत नाही.

आता पावसाळा. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलैमध्ये हवेची आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते आणि बुरशीला ६५-७० टक्क्यांच्या वर कुठेही मजेत राहता येतं. मग लोक फ्रेममध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकतात. फटी असलेल्या फ्रेममध्ये त्या थोड्याच दिवसांत पाणी पिऊन भरतात आणि पुढे नुसत्या पडून राहतात.

इथे एक छोटा हिशोब करून बघण्यासारखा आहे. ३० बाय ४० इंचांच्या फ्रेममध्ये काच आणि पोस्टर यांच्यात पाच मिलिमीटर अंतर धरलं तर आत चार लिटर हवा. चार लिटर दमट हवेत पाणी किती, तर एक ग्रॅमचा दहावा भाग. आणि पोस्टर स्वतः ७०-८० ग्रॅम वजनाचं, त्यात पाच ग्रॅमच्या आसपास पाणी मुरलेलंच असतं, मागच्या माउंट बोर्डात तर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे बंद फ्रेमच्या आतली आर्द्रता हवा ठरवत नाही, कागद ठरवतो. यातून निघणारी गोष्ट फुकट आहे: फ्रेम पॅक कधी केली हे महत्त्वाचं. जुलैत पॅक केली तर जुलै आत कोंडला, जानेवारीत केली तर जानेवारी. म्हणून पोस्टर, बोर्ड, हातकागद सगळं दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत पसरून ठेवा, एसी असेल तर ड्राय मोडवर, आणि मग काच, पोस्टर, बोर्ड, एसीपी या थरांच्या चारही कडा ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करून तो गठ्ठा फ्रेममध्ये बसवा. पट्टी पोस्टरला लागत नाही, काचेला आणि एसीपीला लागते, त्यामुळे तिच्या डिंकाची चिंता नाही. बंद पॅकमध्ये आम्लही कोंडतं हे खरं, म्हणूनच मागचा कॅल्शियमवाला थर सोडायचा नाही.

काचेला पोस्टर टेकता कामा नये, एवढं नक्की बघा. थंडी-उष्णतेच्या फरकाने काचेच्या आतून दव धरलं तर शाई काचेला चिकटते आणि मग दोघांना वेगळं करणं तज्ज्ञाचं काम. कडेने बारीक स्पेसर टाकला की झालं.

उजेडाचं थोडक्यात सांगतो. सलूनमध्ये उन्हात लावलेली पोस्टरं निळी पडलेली सगळ्यांनी पाहिली असतील, छपाईतले लाल आणि पिवळे रंग आधी उडतात, निळा आणि काळा टिकतो, म्हणून हिरो-हिरॉइन दोघंही निळे. संग्रहालयात कागदावर ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड ठेवतात. थेट ऊन एक लाख लक्सच्या आसपास, म्हणजे उन्हातला एक तास हा संग्रहालयातल्या २,००० तासांएवढा. साधी काच अतिनील (यूव्ही) किरणांतला मोठा भाग आत सोडते. यूव्ही अडवणारं ॲक्रिलिक चांगलं पण महाग, आणि दृश्य उजेडाने होणारं नुकसान तेही थांबवत नाही. म्हणून पैसे नसतील तर यूव्ही फिल्म खोलीच्या खिडकीला लावा, जुन्या ट्यूबऐवजी एलईडी लावा, आणि पोस्टर खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगू नका. हे तिन्ही मिळून महागड्या काचेपेक्षा जास्त काम करतात असं माझं मत. साधं ॲक्रिलिक घ्यायचं एक वेगळं कारण मात्र आहे, वजन. या आकाराची ४ मिलिमीटर काच पावणेआठ किलोची, ३ मिलिमीटर ॲक्रिलिक पावणेतीन किलोचं. फक्त ते पुसायला कोरडं फडकं नको, ओरखडे पडतात.

टांगताना एका खिळ्यावर दोरी नको, दोन्ही बाजूंना डी-रिंग आणि दोन हुक. बाहेरच्या भिंतीवर, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर नको, तिथे ओल येते. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबराच्या गोट्या लावा म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. ॲल्युमिनियमची फ्रेम लाकडापेक्षा स्वस्त पडते आणि तिला वाळवीही लागत नाही.

आणि हे एवढंही परवडत नसेल किंवा पोस्टर फारच मोडकं असेल, तर मग मूळ पोस्टर भिंतीवर लावूच नका. चांगल्या उजेडात फोटो काढा किंवा मोठ्या स्कॅनरवर स्कॅन करून घ्या, त्याची प्रिंट भिंतीवर लावा, ती निळी पडली की दुसरी काढा. मूळ पोस्टर पलंगाखाली सपाट ठेवा, वरखाली हातकागद घालून. एवढी सपाट जागा नसेल तर गुंडाळा, पण बारीक नळीत कोंबू नका, चार-पाच इंच व्यासाची नळी घेऊन तिच्यावर आधी हातकागद आणि मग त्याच्या बाहेरून पोस्टर गुंडाळायचं, वरून धुऊन खळ काढलेलं मांजरपाट, आणि बांधायला रबरबँड नाही, सुती नाडी. पण घडीवर आधीच तुटायला लागलेलं पोस्टर गुंडाळायचं नाही, ते सपाटच.