अमोनियाचे कारंजे

अमोनिया वायू पाण्यात किती झपाट्याने आणि किती मोठ्या प्रमाणात विरघळतो, हे दाखवणारा रसायनशास्त्राच्या वर्गातील प्रयोग. २०° से. तापमानाला, वातावरणाच्या दाबाखाली एक लिटर पाण्यात सुमारे ७०० लिटर अमोनिया सामावतो. कार्बन डायऑक्साइड त्याच परिस्थितीत एक लिटरही धड विरघळत नाही. आयसीएसई अभ्यासक्रमात हा प्रयोग दहावीला येतो.

नवसागर आणि विरलेला चुना यांचे मिश्रण तापवून अमोनिया मिळवतात. तो कोरडा करायला कळीचा चुना वापरतात. वायू कोरडे करणारी सल्फ्युरिक आम्ल किंवा कॅल्शियम क्लोराइड इथे चालत नाहीत, कारण ती अमोनियाशीच संयोग पावतात. हवेपेक्षा हलका असल्याने तो उपड्या धरलेल्या गोलबुडाच्या चंबूत साठतो. तोंडाशी धरलेला ओला लाल लिटमस कागद निळा झाला, की चंबू भरत आला. प्रयोग फसतो तो बहुधा याच टप्प्यावर. चंबू आतून जरा जरी ओलसर राहिला, तरी काचेवरचे पाणीच वायू शोषून घेते आणि कारंजे उडत नाही.

भरलेल्या चंबूला दोन भोकांचे रबरी बूच बसवतात. एका भोकात निमुळत्या टोकाची लांब काचनळी, दुसऱ्यात पाण्याने भरलेला ड्रॉपर. नळीचे खालचे टोक फिनॉल्फथॅलीन (अल्कधर्मी द्रावणात गुलाबी होणारा दर्शक) घातलेल्या पाण्यात बुडवून ड्रॉपर दाबतात. पाणी नळीतून चढू लागते आणि टोकाशी पोचताच फवारा उसळतो. खाली रंगहीन असलेले पाणी चंबूत शिरताच गर्द गुलाबी होते, कारण अमोनियाचे द्रावण अल्कधर्मी असते.

चंबू पाणी ओढून घेतो, असे पुष्कळ विद्यार्थी लिहितात. खरे तर पाणी ढकलले जाते. एक लिटरच्या चंबूत अमोनिया भरतो पाऊण ग्रॅमहून थोडा कमी; ड्रॉपरच्या थोड्याशा पाण्यातही त्याचा बराच भाग विरघळतो आणि आतला दाब एकदम उतरतो. बाहेरच्या पाण्यावर वातावरणाचा दाब कायम असतो, तोच पाणी वर चढवतो. विद्राव्यता जागा मोकळी करून देते, काम हवेचे. हा फरक समजला नाही तर प्रयोगातली निम्मी गोष्ट हातची जाते.

दाब अचानक उतरत असल्याने सपाट बुडाचा किंवा तडा गेलेला चंबू आत फुटू शकतो. डोळ्यांना चष्मा आणि खोलीत खेळती हवा हवीच. हायड्रोजन क्लोराइड वापरूनही असे कारंजे उडते. तेव्हा निळे लिटमस द्रावण घेतात, ते लाल होते.

फवारा थांबल्यावर चंबू सहसा काठोकाठ भरत नाही. वर उरलेली पोकळी मुख्यतः वायूबरोबर आत राहिलेल्या हवेची असते, त्यामुळे चंबू किती नीट भरला होता याचा अंदाज तिच्यावरून येतो.