परसात कोकम लावायचंय? मग रोप नको, कलम घ्या

कोकमाचं रोप रानात फुकट मिळतं, मग कलमाला पैसे कशाला घालायचे, असं बरेच ग्राहक विचारतात. त्याचं कारण एकच: कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात आणि नराला रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, धरत नाहीत. पानांवरून, उंचीवरून, कशावरूनही ते आधी ओळखता येत नाही. फुलं येईपर्यंत सहा-सात वर्षं सहज जातात, आणि घराच्या आवारात जागा असते एखाद्याच झाडाची.

फुलं आली की फरक स्पष्ट दिसतो. नराची फुलं झुपक्यांनी येतात आणि मधोमध पिवळसर परागकोशांचा गोंडा असतो. मादीच्या फुलाचा देठ जाडसर, आणि मध्ये बारीक हिरवी गाठ. तीच गाठ पुढे रातांबा होते.

कलमाची कांडी, म्हणजे खुंटावर (मुळाकडच्या रोपावर) बांधलेली फांदी, फळणाऱ्या मादी झाडाचीच घेतलेली असते, त्यामुळे हा प्रश्न उरत नाही. कोकणात पराग पुरवणारे रानटी नर आसपास असतातच, म्हणून एका घरासाठी वेगळा नर लागत नाही. मोठी बाग करणाऱ्यांनी मात्र दहा मादी कलमांमागे एक नर लावावा.

कांडी कुठली आहे, हेही विचारून घ्या. आडव्या फांदीची कांडी बांधली तर कलम आडवंच पसरतं, झाड उभं होत नाही. उभ्या शेंड्याचं कलम सरळ वाढतं. पसरट झाडाचे रातांबे हाताने काढता येतात, पण त्याला जागा जास्त लागते. तुमचं आवार केवढं आहे ते सांगा, त्याप्रमाणे कलम देऊ.

जात निवडताना आम्ही 'कोकण अमृता' सुचवतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ती १९९७ साली दिली. फळाची साल जाड असते आणि फळं पावसाच्या आत हाती येतात. आमसुलं करायची तर हे फार मोलाचं आहे. सालींना रसाची पुटं देऊन पुन्हापुन्हा उन्हात वाळवायचं, आणि त्यातच जूनची सर आली की सगळं बुरसतं.

लागवड जून-जुलैत करा. खड्डा दोन ते तीन फूट, दोन झाडं लावायची तर मध्ये २० फूट अंतर. पाणी साचणारी जागा नको. जोड मातीच्या वर राहू द्या, बांधलेली प्लास्टिकची पट्टी कापून काढा, आणि जोडाखाली खुंटाला फूट आली की लगेच खुडा. ती वाढू दिलीत तर कलम मागे पडतं आणि खुंटाचंच झाड होतं. असं झालं की घेतलेलं मादी कलम वाया गेलं म्हणून समजा.

कोकम सावकाश वाढतं. पहिले दोन उन्हाळे झावळ्यांची सावली आणि आठवड्यातून दोनदा पाणी द्या. देशावर, कोरड्या हवेत, वाढ आणखी रेंगाळते. तिकडे न्यायचं असेल तर आधी आमच्याशी बोलून घ्या.