परीक्षा कुणाला, सूट कुणाला: स्थलांतरित कामगारांच्या भाषाचाचणीची पार्श्वभूमी

8 जानेवारी 2026 पासून ब्रिटनने ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसासाठी नव्याने अर्ज करणाऱ्यांवरची इंग्रजीची अट भाषापातळीच्या युरोपीय मोजपट्टीवर बी-1 वरून बी-2 वर नेली. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे ही ए-लेव्हलची, आपल्या हिशेबाने साधारण बारावीची पातळी. याच देशात सहा महिन्यांसाठी स्ट्रॉबेरी खुडायला येणाऱ्या हंगामी मजुराला मात्र इंग्रजीची परीक्षा द्यावी लागत नाही. शेतमालकाला त्याच्या हातांशी मतलब, आणि हंगाम संपला की तो परत जाणार हे ठरलेलं.

परीक्षा एकाला आणि सूट दुसऱ्याला, ही वाटणी अशा चाचण्यांच्या जन्मापासूनची आहे आणि तिच्या मुळाशी आपलीच माणसं आहेत.

1860 पासून नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या, म्हणजे आजच्या दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, ऊसमळ्यांत भारतातून करारावर मजूर नेले जात होते. त्यांच्यामागोमाग स्वतःच्या तिकिटाने व्यापारी गेले, त्यात गुजराती बरेच. त्यांनी दुकानं टाकली, भाव पाडले आणि गोऱ्या दुकानदारांच्या डोळ्यांत ते खुपू लागले. डिसेंबर 1896 मध्ये मुंबईहून निघालेली ‘कोरलँड’ आणि ‘नादेरी’ ही दोन जहाजं डर्बनला पोचली. मुंबईत प्लेगची साथ होती, तेवढं निमित्त पुरलं. 18 डिसेंबरपासून 13 जानेवारी 1897 पर्यंत उतारूंना किनाऱ्यावर पाऊल टाकू दिलं नाही. गांधीजी ‘कोरलँड’वर होते. उतरल्यावर जमावाने त्यांना मारहाण केली, ती हीच वेळ.

1897 मध्येच नाताळच्या विधिमंडळाने स्थलांतर निर्बंध कायदा केला. ‘भारतीयांना बंदी’ असं उघड लिहिलं असतं तर लंडनची मंजुरी मिळाली नसती, कारण भारतीय हे राणीचेच प्रजाजन. म्हणून कायद्याने एक नमुना-अर्ज जोडला: माझं पूर्ण नाव अमुक, गेले बारा महिने राहायला अमुक ठिकाणी, धंदा अमुक, जन्म अमुक गावी अमुक साली. हा चार ओळींचा अर्ज उतारूने युरोपातल्या कुठल्याही भाषेच्या लिपीत स्वतः लिहून द्यायचा. गुजराती, तमिळ, उर्दू किंवा मोडीत हिशेबाच्या वह्या भरणारा माणूस या कायद्यापुढे निरक्षर ठरला. करारावरच्या मजुरांना मात्र या अटीतून सूट होती. ऊस तोडायला इंग्रजी लागत नव्हतं. उलट करार संपल्यावर त्याने तिथेच राहू नये म्हणून 1895 च्या कायद्याने त्याच्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवून ठेवला होता.

1897 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून वसाहतींचे पंतप्रधान लंडनला जमले. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी नाताळची ही युक्ती त्यांच्यापुढे आदर्श म्हणून ठेवली. माणसं अडवा, पण वंशाचं नाव घेऊ नका, असा त्यांच्या सल्ल्याचा मथितार्थ. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स आणि न्यूझीलंडने पाठोपाठ तसेच कायदे केले. दक्षिण आफ्रिकेतल्याच केप वसाहतीने नियम उचलला तेव्हा वेगळाच पेच पडला. पूर्व युरोपातून येणारे ज्यू यिडिश लिहीत, ती हिब्रू लिपीत. मग 1906 च्या कायद्याने यिडिश ही युरोपीय भाषा असल्याचं मान्य करून त्यांना वाट दिली. सरकारला माणूस हवा असला की त्याची भाषा यादीत बसते, हे इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

या युक्तीचं टोक गाठलं ऑस्ट्रेलियाने. तिथल्या 1901 च्या कायद्यानुसार अधिकारी 50 शब्दांचा उतारा वाचणार आणि आलेल्या माणसाने तो उतरवून घ्यायचा, म्हणजे शाळेतलं श्रुतलेखनच. भाषा युरोपातली, पण कुठली ते अधिकारी ठरवणार. समोरच्याला चांगलं इंग्रजी येत असेल तर दुसरी कुठली तरी भाषा काढायची. जपानने नाराजी कळवल्यावर 1905 मध्ये ‘युरोपीय भाषा’ हे शब्द बदलून ‘विहित भाषा’ असे केले, व्यवहार तोच राहिला. 1902-03 या दोन वर्षांत 805 वेळा ही चाचणी घेतली गेली, 46 जण पास झाले. 1909 नंतर एकही नाही. म्हणजे जिला परीक्षा म्हणत होते, तो निकाल आधी ठरवून मांडलेला कार्यक्रम होता. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमच्या समुद्रात शिंपले काढणाऱ्या जपानी आणि मलय पाणबुड्यांना मात्र यातून सवलत होती. ते जीवघेणं काम करायला गोरे पुढे येत नव्हते.

1934 मध्ये या चाचणीचं पुरतं हसं झालं. हिटलरच्या राजवटीविरुद्ध बोलायला आलेले प्रागचे पत्रकार एगॉन किश यांना सरकारला उतरू द्यायचं नव्हतं. त्यांनी मेलबर्नच्या धक्क्यावर जहाजातून उडी मारली, पाय मोडून घेतला आणि त्यांना सिडनीला नेण्यात आलं. किश यांना युरोपातल्या बऱ्याच भाषा येत असल्याने अधिकाऱ्यांनी स्कॉटिश गेलिक निवडली आणि ती न जमल्याने त्यांना शिक्षा झाली. ते प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कायद्याच्या अर्थाने गेलिक ही ‘युरोपीय भाषा’ होत नाही, असं म्हणत न्यायालयाने शिक्षा रद्द केली. कायद्यात दुरुस्ती होऊन तीस वर्षं लोटली तरी वाद युरोपीय भाषेवरच घातला गेला, हीही गंमतच. चाचणी कायद्यातून गेली ती थेट 1958 मध्ये.

अमेरिकेने 1917 मध्ये साक्षरतेची अट आणली. सोळा वर्षांवरच्या माणसाने स्वतः निवडलेल्या भाषेत 30-40 शब्द वाचून दाखवायचे. ऑस्ट्रेलियापेक्षा हे कितीतरी सरळ. पण त्याच कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, भारतासकट, वर्ज्य ठरवला होता, त्यामुळे आपल्या माणसाला वाचून दाखवायची संधीच नव्हती.

आजच्या चाचण्या याच वंशातल्या आहेत असं सरसकट म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांचं दुसरं मूळ दवाखान्यात आहे. 2008 मध्ये जर्मनीहून इंग्लंडमध्ये शनिवार-रविवारच्या पाळीसाठी आलेल्या एका डॉक्टरने पहिल्याच पाळीत एका रुग्णाला डायमॉर्फिन या वेदनाशामकाची दहापट मात्रा दिली आणि रुग्ण दगावला. इंग्रजी कच्चं म्हणून लीड्सने त्याला आधी नाकारलं होतं, पण कॉर्नवॉलमध्ये त्याची नोंद झाली. युरोपीय संघातल्या डॉक्टरांची भाषा तपासायची मुभा तेव्हा ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलला नव्हती. ती 2014 मध्ये मिळाली, नर्सेससाठी 2016 मध्ये. भारतातून जाणाऱ्या नर्सेस इंग्रजीची परीक्षा त्याआधीपासूनच देत होत्या. रुग्णांच्या सुरक्षिततेच्या या नियमाला त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांपर्यंत पोचायला एवढा वेळ लागला.

पण गरज खरी असली म्हणून परीक्षा आपोआप बरोबर होत नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत लेखनाच्या भागात निबंध लिहावा लागतो. वॉर्डात लागतं ते वेगळं: पाळी बदलताना रुग्णाची माहिती चार वाक्यांत सांगणं, डॉक्टरचं फोनवरचं बोलणं नीट टिपून घेणं. इंग्रजी हीच मायबोली असलेल्या ऑस्ट्रेलियन नर्सेस लेखनात अडकल्याच्या बातम्या 2017 मध्ये आल्या. त्या वर्षअखेरीस ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलने खास आरोग्यसेवेसाठी तयार झालेली ओईटी ही परीक्षा मान्य केली. पुढच्या वर्षी आयईएलटीएसच्या लेखनाची अट 7 वरून 6.5 वर आणली. नर्स कमी पडत होत्या, हेही त्यामागे होतंच.

जपानची गोष्ट याहून बोलकी. आर्थिक करारांखाली इंडोनेशिया आणि फिलिपिन्समधून अनुभवी नर्स नेल्या, पण जपानी नर्सेसना असते तीच राष्ट्रीय परीक्षा जपानीतून त्यांच्यापुढे ठेवली. 2009 मध्ये 82 जणी-जण बसले, पास शून्य. पुढच्या वर्षी 254 पैकी 3. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला होणारी जखम ज्या नर्सने शेकडो वेळा धुऊन बांधली, तिला त्या जखमेचं कांजी लिपीतलं क्लिष्ट नाव वाचता आलं नाही म्हणून गुण गेले. ओरड झाल्यावर अवघड अक्षरांवर उच्चार छापले गेले, आजारांची इंग्रजी नावं दिली गेली. नर्सिंग तेवढंच राहिलं आणि पास होणारे वाढले.

महाराष्ट्रालाही परीक्षकाच्या खुर्चीचा अनुभव आहे. 2016 मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांच्या काळात रिक्षाच्या नव्या परवान्यांसाठी मराठी वाचून-बोलून दाखवण्याची अट घातली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये ती बेकायदा ठरवली. हा देशांतर्गत मामला, तुलना पूर्ण लागू नाही. तरी गिऱ्हाइकाशी मराठीत बोलता यावं ही अपेक्षा आणि उतारा वाचला नाही तर परवाना नाही हा नियम, यांतलं अंतर नाताळइतकंच जुनं आहे.

उमेदवाराच्या बाकावर तर आपण फार दिवस आहोत. रत्नागिरी-रायगडची माणसं आखातात गेली ती अरबीचं अक्षर न येता, तिथे कुणी विचारलंही नाही. मुक्काम कराराएवढाच आणि नागरिकत्वाचा प्रश्न नाही, मग भाषा कशाला तपासायची? जर्मनीत उलटं आहे. तिथे माणूस राहावा अशी अपेक्षा असते, म्हणून परदेशी नर्सला पूर्ण मान्यता मिळायला बहुतेक राज्यांत बी-2 जर्मन लागतं. मोठ्या पगाराच्या ‘ब्लू कार्ड’वर जाणाऱ्या इंजिनिअरला मात्र व्हिसासाठी जर्मनची अट नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. लक्ष्य 10,000 तरुणांचं: नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक. त्यात जर्मन शिकवण्याचा खर्च राज्याने उचलायचा असं ठरलं. केरळने 2021 मध्ये ‘ट्रिपल विन’ या जर्मन सरकारी योजनेशी करार केला, तिथेही नर्सकडून भाषावर्गाचे पैसे घेतले जात नाहीत. खाजगी एजंटमार्फत जाणारीला मात्र क्लासची फी, परीक्षेची फी, नापास झाल्यास पुन्हा फी, सगळं स्वतःच भरावं लागतं, आणि त्या काळात नोकरी सोडली असेल तर घरखर्चही.