वर चाललेल्या बॉलला वर कोण ढकलतंय? फिजिक्समधल्या नेहमीच्या गोंधळांची पार्श्वभूमी

बॉल सरळ वर फेकलाय, हातातून सुटलाय आणि अजून वर चाललाय. हवेचा विरोध सोडून द्या. आता त्याच्यावर कुठले फोर्स लागतायत ते बाण काढून दाखवा, असं नव्याने मेकॅनिक्स (गती आणि फोर्सचं फिजिक्स) शिकणाऱ्याला सांगितलं की बहुतेक वेळा कागदावर दोन बाण येतात, एक खाली ग्रॅव्हिटीचा आणि एक वर, "हाताने दिलेला जोर". मग समजावून पण सांगतात की वरचा जोर हळूहळू संपत जातो, सगळ्यात वर दोन्ही सारखे होतात म्हणून बॉल क्षणभर थांबतो, आणि मग ग्रॅव्हिटी जिंकते. ऐकायला एकदम पटतं. पण बाण एकच आहे, खालचा. वर जाताना, टोकाला, खाली येताना, पूर्ण वेळ तेवढाच.

ही चूक करणाऱ्याला "बेसिक कच्चं आहे" म्हणून गप्प करतात त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हेच उत्तर जवळजवळ याच शब्दांत गॅलिलिओने 1590 च्या सुमारास लिहून ठेवलंय. फेकलेल्या वस्तूत जोर भरला जातो, तो वजनापेक्षा जास्त असेपर्यंत वस्तू वर जाते आणि ओसरला की खाली येते, असं तरुण गॅलिलिओचं मत होतं. आणि ते त्याच्याही आधीपासून चालत आलेलं. ॲरिस्टॉटलचं म्हणणं होतं की गती चालू ठेवायला सतत कोणीतरी ढकलत राहायला हवं, मग सुटलेल्या दगडाला कोण ढकलतं, तर आजूबाजूची हवा. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने हे नाकारलं आणि जोर हवेत नाही, फेकणाऱ्याकडून वस्तूतच येतो असं मांडलं. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ब्युरिदाँ या तत्त्वज्ञाने या वस्तूत भरलेल्या जोराला इंपेटस म्हटलं. त्याचा युक्तिवाद मला फार आवडतो, धार लावायचं दगडी चाक एकदा फिरवून सोडलं तर जागच्या जागी कितीतरी वेळ फिरत राहतं, ते जागा सोडतच नाही तर मागून हवा येऊन ढकलणार कुठे?

म्हणजे इंपेटस ही चुकलेली पण विचार करून केलेली कल्पना होती. हा भरलेला जोर म्हणजे फोर्स नाही, गती आपली आपण टिकते आणि फोर्स लागतो तो गती बदलायला, इथपर्यंत यायला गॅलिलिओचं पुढचं काम, मग देकार्त आणि शेवटी 1687 चा न्यूटन लागला. आणि गंमत बघा, न्यूटननेही जडत्वाला, म्हणजे आहे ती गती टिकवायच्या वस्तूच्या गुणाला, वस्तूच्या आतला "फोर्स"च म्हटलंय! शब्दच एवढा गुंतलेला असेल तर नवा विद्यार्थी गोंधळणारच ना.

दुसरा मोठा गोंधळ मोमेंटम (वस्तुमान गुणिले वेग) आणि कायनेटिक एनर्जीचा (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचा अर्धा). दोन्ही "गती किती आहे" हेच सांगतात मग दोन कशाला, असा प्रश्न येतो आणि यावर युरोपात अनेक दशकं भांडण झालंय. देकार्तच्या मते गतीचं माप म्हणजे वस्तूचा आकार गुणिले वेग. 1686 ला जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिझ म्हणाला तसं नाही, वेगाचा वर्ग घ्या. त्याचा मुद्दा आजच्या भाषेत असा, 1 किलोचा गोळा 4 मीटरवरून टाका आणि 4 किलोचा 1 मीटरवरून, दोन्ही परत वर न्यायला मेहनत सारखीच. पण पहिल्याचा वेग दुसऱ्याच्या दुप्पट येतो, मग वस्तुमान गुणिले वेग केलं तर 2 आणि 4, जुळत नाही, वेगाचा वर्ग घेतला की दोन्हीकडे 4. पुढे 1720 च्या दशकात हॉलंडमधल्या लायडनच्या ग्रावेसांडे या प्राध्यापकाने पितळी गोळे मऊ मातीत टाकून बघितले, निकाल वेगाच्या वर्गाच्या बाजूने आला, आणि फ्रान्सच्या एमिली द्यु शातलेने 1740 ला तीच बाजू जोरात मांडली. खरं म्हणजे दोन्ही बाजू बरोबर होत्या, फक्त प्रश्न वेगळे होते. तोच ब्रेक लावला तर दुप्पट वेगाच्या गाडीला थांबायला वेळ दुप्पट लागतो पण अंतर चौपट लागतं, वेळेचा हिशोब मोमेंटम ठेवतो आणि अंतराचा एनर्जी. आणि कायनेटिक एनर्जीच्या सूत्रातला तो अर्धा, जो प्रत्येकजण कधी ना कधी विसरतो, तो 1829 ला फ्रान्सच्या कोरिओलिसने "कार्य" (फोर्स गुणिले अंतर) या राशीशी हिशोब जुळावा म्हणून लावला.

वस्तुमान (पदार्थ किती आहे) आणि वजनाचं (त्याला खाली ओढणारा फोर्स) थोडक्यात, कारण इथे रोजची भाषाच आडवी येते, आपण वजन किलोत सांगतो. फरक पहिल्यांदा घड्याळात दिसला. 1672 ला रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला तर त्याचं लंबकाचं घड्याळ दिवसाला साधारण अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक तोच, पदार्थ तेवढाच, पण खाली ओढणारा फोर्स कमी. तरी वजन म्हणजे फोर्स हे वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला 1901 ला ठराव करून सांगावं लागलं.

हे गोंधळ शिकवूनही जात नाहीत हे नीट मोजलं गेलं ते 1980 च्या दशकात. वर उडवलेल्या नाण्याचा प्रश्न कॉलेजच्या मुलांना दिला, मेकॅनिक्सचा कोर्स झालेल्यांनाही दिला, आणि वरचा बाण बऱ्याच जणांच्या कागदावर तसाच होता. 1992 ला अमेरिकन फिजिसिस्ट हेस्टेनेस आणि सहकाऱ्यांची फक्त फोर्सच्या कल्पना तपासणारी चाचणी आली. त्याआधीच, 1990 च्या सुमारास, हार्वर्डमध्ये फिजिक्सचा प्राध्यापक एरिक माझूरने हेस्टेनेसची अशीच आधीची चाचणी आपल्या वर्गाला दिली होती, तर अवघड गणितं सोडवणारी मुलं त्या साध्या प्रश्नांत अडकली, आणि त्याने शिकवायची पद्धतच बदलली.

त्यामुळे कोणी वरचा बाण काढला तर लगेच खोडू नका. प्रत्येक बाणाशेजारी तो कोण लावतंय ते लिहायला सांगा. खालच्या बाणाशी "पृथ्वी" येईल. वरच्याशी "हात" लिहिलं की एवढंच विचारा, हात आत्ता बॉलला टेकलाय का?