पैलवानाचं दूध पेशंटला नको

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन पिणं ही कोल्हापूरची शान. त्यातूनच ‘कॅन्सरची केमो सुरू आहे नव्हं, मग धारोष्ण पाजा, ताकद येईल’ हा सल्ला घरोघरी फिरतो. सल्ला चुकीचा आहे. कच्च्या दुधात लिस्टेरिया हा जंतू असू शकतो. तालमीतल्या गड्याचं बहुधा जुलाबावर भागतं. पण केमो किंवा किडनी प्रत्यारोपणाच्या औषधांनी प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात हा जंतू आतड्यातून रक्तात, तिथून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आजार दुर्मीळ, पण जिवावर बेतणारा. फ्रीजचाही भरवसा नको, लिस्टेरिया ४ अंशांतही वाढतो. हळद घालूनही भागत नाही. ७२ अंशांवर मात्र तो मरायला १५ सेकंद पुरतात. म्हणजे घरी एक चांगली उकळी. आणि उकळल्यानं दुधातलं कॅल्शियम कुठं पळून जात नाही!