क्रिमेशन मेमोरियल की बेपत्तांचं स्मारक? लढाईत गेलेल्या आजोबांचं नाव नेमकं कुठे आहे ते बघा

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत असलेला, विशी-बाविशीत गेलेला आजोबांचा भाऊ कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांतून लढताना मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) यादीत सापडला, की घरात पहिला प्रश्न येतो: कबर कुठे आहे? बहुतेक मराठी घरांना तिथे कबरीऐवजी एखाद्या स्मारकाचं नाव दिसतं. गोंधळ इथेच होतो. स्मारकं दोन तऱ्हेची आहेत, दोन्हींवर नावांच्या लांबलचक रांगा आहेत आणि दोन्ही बऱ्याचदा युद्धस्मशानभूमीच्या आवारातच असतात. घरच्यांना मात्र ती अगदी वेगवेगळी हकिगत सांगतात.

क्रिमेशन मेमोरियलवर नाव असेल, तर देह सापडला होता, ओळख पटली होती आणि धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला होता. इटलीत सांग्रो नदीकाठच्या स्मशानभूमीत अशी ५१७ नावं आहेत, फोर्लीला ७६८, तर आपल्याकडे कोहिमाला ९१७. मराठ्यांची पहिली पलटण १९४३ च्या अखेरीस सांग्रोच्या लढाईत होती, त्यामुळे त्या पलटणीतल्या माणसासाठी सांग्रोची यादी आधी बघावी. स्मारक जिथे आहे तिथेच चिता रचली होती असं मात्र धरून चालू नका. आघाडीवर, इस्पितळाजवळ, जिथे जमेल तिथे दहन होई. नावं नंतर एकत्र कोरली गेली.

बेपत्तांच्या स्मारकावर नाव असेल, तर ना कबर ठाऊक, ना दहनाची नोंद. इटलीच्या मोहिमेतली अशी चार हजारांवर नावं कॅसिनो मेमोरियलवर आहेत. ब्रह्मदेशाच्या बाजूला रंगून मेमोरियलवर जवळजवळ २७ हजार. हे नाव वाचून घरातली म्हातारी माणसं हमखास म्हणतात, ‘म्हणजे त्याला अग्नीसुद्धा मिळाला नाही.’ माझ्या मते एवढ्या नोंदीवरून असं म्हणू नये. सोबत्यांनी घाईत अंत्यसंस्कार केले असतील आणि कागद मागे राहिला नसेल, हेही लढाईत घडतं. नोंद नाही एवढंच यादी सांगते.

बेपत्तांच्या स्मारकावर नाव आलं म्हणजे शेवटचा क्षण कुणी पाहिला नाही, असंही नाही. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ ला, वरच्या टायबर खोऱ्यात, सोबतचे जवान पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनचा मोर्चा घेतला आणि लगेच शत्रूच्या गोळीने ते गेले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या माणसाचं नावही कॅसिनो मेमोरियलवरच आहे.

पहिल्या महायुद्धाचं प्रकरण जास्त कडू आहे. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. मेसोपोटेमियात गेलेल्या बेपत्तांसाठी बसरा मेमोरियल उभं राहिलं, १९२९ साली. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या शिपायांचा मात्र पलटणीनुसार फक्त आकडा. हा अन्याय होता आणि कमिशनने २०२१ च्या आपल्या अहवालात असमान वागणुकीबद्दल माफी मागितली आहे. म्हणून बसऱ्याच्या भिंतीचा फोटो मिळवून नाव दिसलं नाही, तरी माणूस तिथे गेलाच नव्हता असा निष्कर्ष काढू नका. नोंद यादीत शोधा. आणि खडकीचं स्मारक जवळ म्हणून आधी तिथे जाणाऱ्यांसाठी: पहिल्या महायुद्धाची तिथली नावं तेव्हाच्या भारतात मरण पावून देशातल्याच दफनभूमींत पुरलेल्यांची आहेत, बसऱ्याला गेलेल्यांची नव्हेत.

यादीत शोधताना ‘मराठा’चं तेव्हाचं स्पेलिंग वापरा, ‘एम-ए’नंतर ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’. नावाखाली हुद्दा, नंबर, पलटण आणि तारीख असते. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदीत बरेचदा आणखी एक ओळ असते, अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव, जिल्हा. आपला माणूस ओळखायला हीच ओळ कामी येते, कारण एकाच नावाचे चार-पाच शिपाई सहज निघतात. जिल्हा जुना धरा: रायगड तेव्हा कुलाबा, सिंधुदुर्गाचा बराच भाग रत्नागिरीत, सांगलीकडची बरीच गावं साताऱ्यात.

नाव क्रिमेशन मेमोरियलवर असेल तर मृत्यूची तारीख बहुधा पक्की समजा. बेपत्तांच्या स्मारकावर असेल तर तीच तारीख हजेरी घेतल्याच्या दिवसाची असू शकते. अशा वेळी पलटणीची युद्धरोजनिशी लागते. ती लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ज्‌मध्ये शोधावी, आणि आदल्या दोन-तीन दिवसांची पानंही मागवावीत.