अँटेनाचा खांब : उभारणी आणि अर्थिंग

रेडिओची अँटेना उंच धरण्यासाठी घराच्या भिंतीला, गच्चीवर किंवा अंगणात उभारलेला धातूचा खांब. त्याला वाऱ्यात टिकायचे असते आणि आकाशातली वीज घरात येऊ द्यायची नसते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. भिंतीवर दोन क्लॅम्पांनी धरलेला खांब सर्वाधिक वाकू पाहतो तो वरच्या क्लॅम्पपाशी. क्लॅम्पांमधले अंतर वाढवले, तर भिंतीवरची ओढ कमी होते. धुराडे किंवा पाण्याचा पाइप हा आधार नव्हे. उंच खांबाला १२०-१२० अंशांवर तीन ताण (खांबापासून जमिनीपर्यंत ओढून बांधलेल्या तारा) देतात. त्यांचे जमिनीतले खुंट खांबाच्या उंचीच्या साधारण ६० ते ८० टक्के अंतरावर असतात. वीजवाहक तारांपासून इतके लांब राहावे, की खांब आडवा कोसळला तरी त्यांना शिवणार नाही. खांब उभा करताना होणारे प्राणघातक अपघात बहुधा या तारांना शिवल्यानेच होतात.

अर्थिंगमुळे, म्हणजे खांब तारेने जमिनीशी जोडल्यामुळे, वीज पडणे टळत नाही. पडलेल्या विजेला घराबाहेरून जमिनीत जाण्याची वाट मिळते. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे गेओर्ग रिखमान हे शास्त्रज्ञ जमिनीशी न जोडलेल्या लोखंडी सळईने ढगांतील विद्युत मोजत असताना वीज अंगावर येऊन मृत्युमुखी पडले.

आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) ६०७२८-११ या मानकानुसार खांबापासून जमिनीपर्यंतची तांब्याची तार किमान १६ चौ. मिमी छेदाची हवी. तिच्या जाडीइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा तिचा मार्ग. सरळ तारेचे प्रवर्तन (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) दर मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री असते. विजेचा प्रवाह मायक्रोसेकंदाला १० हजार अँपिअर या गतीने चढला, तर तारेच्या प्रत्येक मीटरवर १० हजार व्होल्ट उभे राहतात. म्हणून तार आखूड व सरळ न्यावी. काटकोनी वळण किंवा वेटोळे टाळावे.

सर्वांत घातक चूक मात्र हौसेने केली जाते : अँटेनासाठी ‘स्वतंत्र’ अर्थिंग. खांबाचा जमिनीतला रॉड आणि घराच्या वीजजोडणीची अर्थिंग जाड तारेने एकमेकांना जोडलेली नसेल, तर वीज पडताच दोन्हींच्या विभवात (व्होल्टेजमध्ये) प्रचंड फरक पडतो आणि प्रवाह रेडिओ संचातून वाट काढतो. इथे रॉड कितीही खोल ठोकला तरी भागत नाही. अँटेनापासून संचाकडे येणाऱ्या केबलचे धातूचे बाह्य आवरणही घरात शिरण्यापूर्वी याच अर्थिंगला जोडतात आणि मधल्या वाहकासाठी सर्ज अरेस्टर (अचानक चढलेला दाब जमिनीकडे वळवणारे साधन) बसवतात. हे सारे केले, तरी थेट आघातात संच वाचेलच असे नाही. म्हणून वादळ येण्याआधीच केबल संचापासून सोडवतात. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावणे धोक्याचे असते.

तांब्याची तार जस्ताचा मुलामा दिलेल्या खांबावर थेट आवळली, तर ओलाव्यात जस्त झिजते व जोड सैल होतो. मध्ये स्टेनलेस स्टीलचा क्लॅम्प घालतात.